गाडी बंद करून बस

गाडीची किल्ली फिरवली आणि इंजिन नुसतं घुरघुर करून गप्प झालं, की अजूनही मी किल्ली सोडून तशीच बसून राहते. सून म्हणते, "आई, बॅटरी उतरली असेल." तिला काय सांगू! अशाच एका गाडीपायी मी एका माणसाच्या थोबाडीत मारली होती. वर्दी उतरवून किती वर्षं झाली, तो हात काही विसरत नाही.

तेव्हा मी दिलसुखनगरकडच्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होते. परदेशी कंपन्यांच्या नव्या गाड्या नुकत्याच रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या. लोक नंबर लावून बसले होते आणि तोवर जुनी गाडी कशीबशी रेटत होते.

एप्रिलातल्या एका संध्याकाळी बेगम बाजारातला एक किराणा व्यापारी ठाण्यात आला. आपल्यातलाच, मराठी. बरोबर त्याचा धाकटा भाऊ आणि घरचा ड्रायव्हर. व्यापाऱ्याची सात वर्षांची मुलगी शाळेच्या दारातून नाहीशी झाली होती. ड्रायव्हरने साडेतीनला पोचायचं, तो पोचला सव्वाचारला. तोवर मुलगी नव्हती. शाळेचा चपराशी म्हणाला, गर्दीत कोणाबरोबर गेली ते दिसलं नाही. मुलीच्या आईचं विचारलं तर व्यापारी म्हणाला, "ती माहेरी आहे, नांदेडला. तब्येत बरी नसते." मी तसंच लिहून घेतलं. तिथे खोलात जायला हवं होतं, गेले नाही.

ड्रायव्हर पन्नाशीचा, पांढरी दाढी, पाच वर्षं त्याच घरी. त्याचा जबाब एवढाच, "मॅडम, अंबरपेठ में गाडी बंद करके खडा था. फिर चालूच नै हुई. धक्का मारा, इंजिन पे गीला कपडा रखा, कुछ नै. पौन घंटे बाद अपने आप चालू हो गई."

आमचे सर्कल इन्स्पेक्टर हसले. "अपने आप? भूत बैठा था क्या अंदर?"

गाडी ठाण्याच्या आवारात तासभर उभी होती. हेड कॉन्स्टेबलला म्हटलं, किल्ली फिरव. एका फटक्यात चालू झाली. तेव्हाच माझा हात उठला. पोर बेपत्ता आहे आणि हा आपल्याला वेड्यात काढतोय, एवढंच डोक्यात होतं. त्याने गालावर हात ठेवला आणि खाली बघत राहिला. रात्र त्याने लॉकअपमध्ये काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रीतसर पंचनामा. दोन पंचांसमक्ष दहा वेळा किल्ली फिरवली, दहाही वेळा गाडी चालू झाली. पंचांच्या सह्या, माझी सही. कागद पक्का झाला, माणूस खोटा ठरला.

व्यापारी रात्रभर बाकावर बसून होता. ड्रायव्हरची हाडं मोडा, पण पोरगी आणा, असं म्हणत होता. त्याचा भाऊ मात्र दोनदा माझ्याकडे आला. "ताई, गरीब माणूस आहे हो. बायकामुलं आहेत त्याला. मारू नका." मला वाटलं, या घरात एक तरी काळजाचा माणूस आहे.

साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "बारह बजे तक तुम पूछो. उसके बाद मैं पूछूंगा." याचा अर्थ ठाण्यातल्या सगळ्यांना माहीत होता, लॉकअपमधल्यालाही. माझा जीव दोन्हीकडून टांगलेला. हा खोटं बोलत असेल तर मुलीपर्यंतचा रस्ता याच्यातूनच जातो. आणि खरं बोलत असेल तर आम्ही भलत्याच माणसावर पहारा देत बसलोय आणि तिकडे पोर तासातासाने लांब चाललीय.

दहाच्या सुमाराला एक फुलवाली ठाण्यात आली. अंबरपेठेत एका शिंप्याच्या दुकानासमोर टोपली घेऊन बसणारी, तेलुगू बाई. तिच्या कानावर बातमी गेली होती.

"अम्मा, वो बुढ्ढे को काय को पकडे? मेरे सामने गाडी ढकलताच था. पसीना पसीना. मैं बोली, मेरे फूलां पे मत चढा रे. फिर बहोत देर बैठा, फिर चालू हुई."

म्हणजे गाडी बंद पडली होती. मग आमच्या आवारात एकदाही का नाही? आता हसाल तुम्ही, पण मला माझा मिक्सर आठवला. गाडीतलं मला काही कळत नाही. जे शिकले ते नोकरीत आणि स्वयंपाकघरात. तो मिक्सर डोशाचं दुसरं भांडं वाटताना तापून थांबायचा, आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला की गपगुमान चालायचा. दुरुस्तीवाला माझ्याकडेच बघायचा. आम्हीही गाडी तपासली होती ती आमच्या सोयीने, थंड असताना.

स्टेशन डायरीत नोंद केली आणि ड्रायव्हरला बाहेर काढलं. त्याच गाडीत त्याच्या शेजारी एक कॉन्स्टेबल, मी मागे. पळाला असता तर माझी नोकरी गेली असती. त्याला म्हटलं, "कल जैसे गये, वैसेच चलो." बेगम बाजार, तिथली हातगाड्यांची गर्दी, मग उन्हातून अंबरपेठ. शिंप्याच्या दुकानासमोर त्याने गाडी उभी केली, बंद केली.

"कितना रुके थे?"

"पंधरा मिनिट, मॅडम."

आम्ही थांबलो. आत भट्टी झाली होती. कॉन्स्टेबल टोपीने वारा घेत होता. ड्रायव्हरचे ओठ हलत होते. मध्येच त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, अगर चालू हो गई तो?"

मी घड्याळ बघितलं. सारा जन्म गाडी चालू व्हावी म्हणून खटपट केलेला माणूस, ती चालू होऊ नये म्हणून अल्लाला विनवत होता. आणि खरं सांगते, मीही तेच करत होते.

पंधरा मिनिटं झाली. त्याने किल्ली फिरवली. घुरघुर, घुरघुर. इंजिन पकडेना. पुन्हा फिरवली. नाही. कॉन्स्टेबलने उतरून धक्का मारला. नाही. समोरून फुलवाली ओरडली, "बोली ना मैं!" ड्रायव्हरने स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

व्यापाऱ्याच्या नेहमीच्या मेकॅनिकला शिंप्याच्या दुकानातून फोन करून बोलावलं. तो स्कूटरवर आला, बॉनेट उघडलं, इंजिनच्या डब्यातल्या एका नळकांड्याला उलटा हात लावला आणि झटकन काढला. "कॉइल है, अम्मा. गरम गाडी बंद करके रखे तो नै पकडती. ठंडी हुई के चालू. पिछले हफ्तेच बोला मैं छोटे सेठ को, बदल देना. बोले, अभी नक्को."

छोटे सेठ म्हणजे व्यापाऱ्याचा धाकटा भाऊ. मी ड्रायव्हरकडे वळले. "यहां रुकने को किसने बोला था?"

"छोटे सेठ. बोले, दर्जी के पास से कपडे लेके जा. तैयार नै तो बैठ. गाडी बंद करके बैठ, पेट्रोल जलता."

साधं, घराघरात बोललं जाणारं वाक्य. त्यावर कोण संशय घेणार!

बाराला दहा कमी असताना आम्ही ठाण्यात परतलो. भावाला आतल्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि एकच विचारलं, "कॉइल का बदलली नाहीत?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, मुलगी वहिनीजवळ आहे. सुखरूप आहे."

व्यापाऱ्याने बायकोला आठ महिन्यांपूर्वी घराबाहेर काढलं होतं आणि पोर ठेवून घेतली होती. भावाला ते बघवेना. त्याने ड्रायव्हरला अडकवून ठेवलं, शाळेतून पुतणीला घेतलं आणि काचीगुडा स्टेशनवर आईच्या हवाली केलं. नांदेड पोलिसांना फोन लावला. तासाभराने उलटा निरोप आला, मुलगी आईजवळ जेवत होती.

"आणि ड्रायव्हर?" मी विचारलं.

"मला वाटलं, दोन तासांत सोडाल."

"रात्रभर तुम्ही बाहेर बसला होतात. तो आत होता."

"म्हणून तर म्हणत होतो, मारू नका."

मुलगी कोणाकडे राहिली ते कोर्टाने ठरवलं, ती त्या घराची गोष्ट. माझी गोष्ट ड्रायव्हरची आहे. सोडताना त्याला म्हटलं, तू निर्दोष आहेस असं डायरीत लिहिलंय. तो म्हणाला, "मॅडम, डायरी आप के पास रहती. मोहल्ले में तो मैं बच्ची चुराने वाला हूं."

म्हणून वर्दीत, ठाण्याच्या जीपमधून मी त्याला घरी सोडायला गेले. गल्लीच्या तोंडाशीच उतरले, त्याच्या बरोबरीने चालत गेले आणि दारातल्या खाटेवर बसून चहा मागितला. शेजारपाजार जमला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, हा माणूस खरा होता, चूक आमची झाली.

त्याच्या बायकोने कप माझ्यासमोर ठेवला. नवऱ्याच्या गालाकडे एकदा बघितलं. आवाज न चढवता म्हणाली, "गाडी के वास्ते पंधरा मिनिट रुके ना तुम लोगां. आदमी के वास्ते भी रुकते."

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत कित्येक जबाब घेतले. कोणी म्हटलं, "मॅडम, तेव्हा तसं झालं, आता होत नाही," की मी त्याला खोटा म्हणायच्या आधी त्या जागी, त्या वेळेला जाऊन उभी राहायचे. काही खोटेही निघाले. पण हात पुन्हा कोणावर उचलला नाही.

त्या दिवशी तो चहा मी पूर्ण प्यायले. फार गरम होता, तरी थांबून, शेवटच्या घोटापर्यंत.