डबा रिकामा जात नाही

"अभिनंदन!" असं मी फोनवर म्हणालो, आणि तेही चांगलं मोठ्यानं. पण आधी माझी बाजू ऐकून घ्या. पलीकडून नाकामुरा-सानांचा मुलगा जपानहून बोलत होता. ऐन जेवणाच्या वेळी त्रास दिला म्हणून त्यानं पुन्हा पुन्हा माफी मागितली, मग हलकंसं हसून म्हणाला, "वडिलांबद्दल बातमी आहे..." मला वाटलं, आमचे नाकामुरा-सान आजोबा झाले! माझ्या अभिनंदनावर तो अदबीनं "थँक्यू," म्हणाला. "वडील मागच्या आठवड्यात गेले." वाईट बातमीचा भार ऐकणाऱ्यावर पडू नये म्हणून ती हसून सांगायची त्यांची रीत. इतकी वर्षं समोरासमोर राहून मला तेवढंही उमगलं नव्हतं.

नाकामुरा-सान बहारीनला जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनियर होते. तिथल्या सनाबिस भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहायला आले, ते भर ऑगस्टमध्ये. संध्याकाळी बेल वाजली. दारात टाय लावलेला, घामानं निथळणारा माणूस आणि त्याच्या हातात टॉवेल. त्या दिवशी बिल्डिंगचं पाणी सारखं जात होतं, त्यामुळे मी लगेच ओळखलं. "या, या, संकोच करू नका," म्हणत त्यांना थेट बाथरूमपर्यंत नेलं, वर दिवाही लावून दिला. यजमानाला नाही म्हणणं त्यांच्या सभ्यतेत बसत नसावं. बिचारे आत गेले, तोंड धुऊन बाहेर आले आणि ओल्या चेहऱ्यानं, दोन्ही हातांनी, तो कोरडा टॉवेल त्यांनी माझ्यापुढे धरला. नव्यानं राहायला आलेल्यानं शेजाऱ्यांना अशी छोटी भेट द्यायची असते, हे मला तेव्हा कळलं.

सुधानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपाळाला हात लावला आणि भरपाई म्हणून स्टीलच्या डब्यातून चिवडा पाठवला. तिथंच सगळा घोळ झाला. आपल्याकडे शेजाऱ्यांकडून काही आलं की त्यांच्याकडे भरलेला डबा पाठवायचाच. त्यांच्याकडे भेट आली की परतभेट गेलीच पाहिजे. म्हणजे थांबायची सोय दोन्हीकडे नाही! चिवड्यावर तांदळाच्या खारट चकत्या आल्या, चकत्यांवर करंज्या गेल्या, करंज्यांवर वाळवलेलं समुद्री शेवाळ आलं. ते देताना वाकून म्हणायचे, "अगदी क्षुल्लक वस्तू आहे." सुधा म्हणायची, "विशेष काही नाही हो, घरात होतं थोडं." आणि ही सकाळपासून कढईपुढे उभी! शेवाळ अर्थातच माझ्या वाट्याला. शेवटी मी म्हणालो, "एकदा डबा घरीच ठेवून बघ ना."

"माझ्या आईचं नाव घातलंय त्या डब्यावर, हात आखडता घेऊ होय?" ती म्हणाली. विषय खलास.

मागच्या वर्षी ते निवृत्त होऊन निघाले, तेव्हा सुधानं तोच डबा शंकरपाळ्यांनी भरून त्यांच्या हातात ठेवला. मी हळूच म्हटलं, "अगं, आईचा डबा जपानला चाललाय."

"जाऊ दे. तो परत द्यायला तरी येतील."

"नक्की घेऊन येईन," ते म्हणाले, आणि लिफ्टमध्ये शिरून आमच्याकडे तोंड करून वाकले. दार मिटेपर्यंत वर बघायचं नाही, ही त्यांची पद्धत. पाहुणा निघाला की दारात अर्धा तास बोलायचं, ही आपली. मी बटण दाबून लिफ्ट धरून ठेवलेली, ते कमरेत वाकलेले, कुणीच हलेना. खालच्या मजल्यावरून आमचे शेजारी, रत्नागिरीचे करीमभाई ओरडले, "अवो साहेब, लिफ्ट सोडा की! यल्ला, चला लवकर!"

मग हा फोन आला... त्यानंतर सुधानं त्या मुलाला सांत्वनाचं पत्र लिहिलं, पण त्यात डब्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

परवा पार्सल आलं. आत डबा, आमच्या घरात कधी नव्हता इतका लख्ख, आणि काठोकाठ हिरवा चहा. मुलानं पाठवला होता. दुःखात आठवण ठेवणाऱ्यांनाही ते लोक परतभेट देतात म्हणे. सुधा डबा मांडीवर घेऊन बराच वेळ बसली, त्यावरच्या आईच्या नावावरून बोट फिरवत. मला वाटलं, चला, डबा घरी आला, मिटलं सगळं. तेवढ्यात ती डोळे पुसून उठली आणि तिनं बेसन भाजायला घेतलं.

"अगं, तू लाडू पाठवलेस की तो पोरगा पुन्हा काहीतरी पाठवणार. हे संपायचं कधी?"

ती कढईतून वर न बघता म्हणाली, "तुम्हाला कशाला संपवायचंय?"