रोमला जायचं, पण सुंदरीची धार कोण काढणार?

परवा संध्याकाळी चारा छावणीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, चांगल्या जोरात... आणि मग लक्षात आलं की आपण आपल्याच हाताने आपलं रोम घालवून बसलोय.

नीट सांगते, कारण माझंच मला नीट कळत नाहीये.

आमच्या गावात बायकांची दूध संस्था आहे. मी तिची सचिव आणि गिरजामावशी चेअरमन. यंदा जिल्ह्याच्या संघाने इटलीचा अभ्यास दौरा काढला, तिकडच्या दूध सोसायट्या बघायला, आणि त्यात आम्हा दोघींची नावं आली. धारूर तालुक्यातून थेट इटली... कितीतरी दिवस मला वाटत होतं कुणीतरी चेष्टा करतंय.

दौऱ्याचा शेवटचा दिवस रोममध्ये, मोकळा. बाजार बघा नाहीतर जुने अवशेष बघा, तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले. मी ताबडतोब अवशेष सांगितलं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ते गोल, अर्धं पडलेलं कोलोसियम होतं आणि त्याच्या खिडक्यांत मी पेनने माणसं काढली होती.

तेव्हापासून रोज मोबाईलवर व्हिडिओ. कोलोसियम आधी की फोरम आधी? एक जण सांगतो सकाळी लवकर जा, दुसरा म्हणतो दुपारी गर्दी कमी. आणि फोरम म्हणजे नेमकं काय, तेच मला धड कळेना... नुसते खांब, वर काहीच नाही.

मावशीला दाखवलं की ती विचारायची, "पडलेलं बगायला इतकं लांब कावून जायचं गं? आन तितं सावली हाय का?" सावलीचं उत्तर एकाही व्हिडिओत नव्हतं.

घरून परवानगी मिळाली ती एकाच अटीवर. सासूबाई म्हणाल्या, गिरजाबाई संगं असंल तर जा, एकटीनं न्हाई. म्हणजे मावशी गेली तरच मी.

पण मावशीची म्हैस! ही सुंदरी मावशीशिवाय कुणाच्याच हाताला लागत नाही. दुसरं कुणी बसलं की पान्हा चोरते, वर लाथ मारते. पाऊस नाही, शेतात काही नाही, मुलगा-सून कारखान्यावर ऊसतोडीला गेलेले. मावशी आणि अण्णा, म्हणजे मावशीचे यजमान, छावणीतच जनावरांशेजारी पाल ठोकून राहतात आणि सुंदरीच्या दुधावर घर चालतं. मावशी दौऱ्यावर असताना धार निघाली नाही तर म्हैस आटणार. मग कसलं रोम...

यावर आमच्याकडे एक जुना उपाय आहे. मालकिणीचं नेसतं लुगडं अंगावर घ्यायचं आणि धारेला बसायचं. वासाने म्हैस फसते.

त्यामुळे छावणीत आमची रोमची तयारी अशी चालली होती... एकीकडे मी मोबाईलमध्ये फोरमचा रस्ता शोधतेय आणि दुसरीकडे पांढऱ्या मिशांचे अण्णा डोक्यावर हिरवा पदर घेऊन म्हशीखाली बसलेत. सुंदरी वळून बघायची आणि बादली उडवायची. अण्णा पदर सावरत उठायचे आणि शेजारच्या गड्याला सांगायचे, "हिला समदं कळतंय बे!" अख्खी छावणी हसायची. मावशी मात्र हसायची नाही.

परवा ती वैतागून मला म्हणाली, "आता तूच बस बरं." मी गंमत म्हणून बसले. लुगड्याला शेणाचा, पेंडीचा आणि मावशीच्या मिश्रीचा वास. ती पुटपुटते तसं "उभी ऱ्हा गं माजे बाय" म्हणत कासेला हात लावला... सुंदरीने एकदा वळून पाहिलं आणि चक्क पान्हा सोडला. बादलीत धार वाजायला लागली.

टाळ्या झाल्या त्या तेव्हा. अण्णा तर नाचायचेच बाकी होते. "सुटलीस गं गिरजे!"

मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं. सुंदरी माझ्या हाताला लागली म्हणजे मावशी जाऊ शकते, पण मग मी इथे हवी. आणि दुसरं कुणी तर मिळालेलंच नाही.

मावशीच आधी बोलली. "तू जा. तुज्या सासूला मी सांगते, ती माजा शब्द मोडायची न्हाई." मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू... मी हो म्हणणारच होते.

तेवढ्यात ती माझ्याकडे न बघता अण्णांना म्हणाली, "जलमभर गाव सोडलं ते कोयता घिऊन. जितं गेले तितं कामालाच गेले. निस्तं बगायला म्हनून कवा कुटं गेलते का मी? वाटलं हुतं औंदा..." आणि वैरण टाकायला उठली.

मला वाटायचं मावशी माझ्या सोबतीला येतेय, माझ्या रोमला. तिलाही ते हवं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

छावणीपासून घरापर्यंत स्कूटीवर कितीदा मत बदललं, विचारू नका. शेवटी काल सकाळी संघात फोन करून माझं नाव काढायला सांगितलं. मावशी बाकीच्या गावांतल्या बायकांबरोबर जाईल. फोन ठेवल्यावर रडले, आणि मग का कोण जाणे, हसूही आलं.

काल संध्याकाळची धार काढून झाल्यावर मावशीला कोलोसियमचा व्हिडिओ दाखवत बसले. तिने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "तितं जाऊन करायचं काय पर?"

"काही नाही मावशी. बघायचं."

"निस्तं बगायचं?"

"नुसतं."

"आन बगून झाल्यावर?"

"परत बघायचं."

मावशीने तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं ओळखते तिला, पण लाजताना पहिल्यांदाच पाहिलं.

मला वाईट वाटतंय की बरं वाटतंय, ते अजून ठरत नाहीये. सुंदरीने मला जवळ केलं म्हणून मावशीला हे मिळालं, तेव्हा आभार त्या म्हशीचेच... पण तिच्यावर थोडी चिडलेही आहे, तेवढं माझ्याकडे राहू दे.