सुक्या तारा

बघायच्या कार्यक्रमात माझ्या मामांनी त्याला छंद विचारला. तो म्हणाला, "गिटार वाजवतो."

मामांना बरं वाटलं. "वा. लग्नाकार्यात? ऑर्केस्ट्रात?"

"न्हाय."

"मग कुठं?"

"घरात."

"गाता पण?"

"न्हाय. नुसतंच वाजवतो."

मामा पोहे खायला लागले. तो वरकुट्याचा, डिप्लोमा झालेला, बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशिनरीच्या देखभालीला. मी मोरगावची, बारामतीत शाळेवर मराठी शिकवणारी. बाकी सगळं जुळत होतं, त्यामुळे गिटारीचा विषय तिथंच संपला आणि आमचं लग्न झालं.

फ्लॅटमधली मागची छोटी खोली त्याची होती. भिंतींना गाद्या उभ्या टेकवलेल्या, खिडकीवर जुनी वाकळ, मध्ये टेबल, कॉम्प्युटर आणि दोन गिटारी. एक सहा तारांची, एक चार जाड तारांची. पहिल्या आठवड्यात मी दाराशी उभी राहून ऐकलं. त्याच्या कानांवर मोठे हेडफोन होते, डोळे मिटलेले होते आणि बोटं भराभर चालली होती. मला ऐकू येत होता तो कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा आवाज. टिक टिक, किर्र, टिक. एवढंच. खरा आवाज वायरीतून कॉम्प्युटरमध्ये जातो, तिथं तो तयार होतो आणि तिथून फक्त त्याच्या कानात येतो, हे त्यानं मला सांगितलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, एवढा खटाटोप करून माणूस दुपारभर कंगवा वाजवतो.

महिन्यांमागून महिने मी त्या सुक्या तारा ऐकल्या. फर्स्ट शिफ्ट करून तो दुपारी यायचा, जेवायचा आणि आत जायचा. काही वेळानं हाक यायची, "फ्रिज बंद करू का गं जरा?"

विजेवर चालणारं काहीही जवळ सुरू असलं की त्याच्या गिटारीत गुणगुण शिरायची. फ्रिज बंद, ट्यूब बंद, पंखा तर आधी बंद, कारण पंख्याच्या रेग्युलेटरचीच गुणगुण सगळ्यात वाईट. चटणी वाटायची असली की मी त्याला विचारून मिक्सर लावायची. माझी आई मोरगावाहून राहायला आली तेव्हा तिला आधी वाटलं की आमचं लाईटबिल थकलंय.

तो तोच तुकडा पुन:पुन्हा वाजवायचा. आठ-दहा सुरांचा तुकडा, दिवसच्या दिवस. मला तो पाठ झाला. शाळेत फळ्यावर लिहिताना माझ्याच बोटांत तो यायचा, पण सूर म्हणून नाही, नुसता ठोका म्हणून. त्यात काय चुकतंय आणि तो पुन्हा का वाजवतोय, हे मला कळत नसे. विचारलं तर म्हणायचा, "अजून बसंना."

एका रविवारी दुपारी मी कपडे घडी करत होते. तो बाहेर आला. "जरा येतेस? आवाज लई मोठा वाटतोय का सांग."

त्यानं मला खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन माझ्या कानांवर ठेवले.

आधी काहीच नव्हतं. मग खालून काहीतरी आलं. उसाच्या दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर लांबून येत असतो तेव्हा कानाच्या आधी पायांना कळतं, तसं. मग ढोलाचा ठोका पडला, आणि मी पाठ केलेला तो कंगव्याचा तुकडा वर आला. मी ओळखला, पण तो तुकडा तो नव्हताच. त्याला अंग होतं, धार होती. आणि मग एक सूर लागला. तार छेडली की आवाज उमटतो आणि विझतो, एवढं मला ठाऊक होतं. हा विझत नव्हता. तो उभा राहिला, थरथरला, आणखी भरत गेला, आणि आता पुढं कुठं जाणार असं वाटत असतानाच तिथून आणखी वर चढला. मला आमच्या मोरगावचा माळ दिसला. बाजरी काढून झाल्यावरचा, दुपारचा, ज्यावर काही नसतं, नुसता वारा असतो आणि शेळ्या खाली मान घालून चालत असतात. बारामतीत आल्यापासून मला त्या माळाची आठवणही झाली नव्हती.

संपल्यावर मी हेडफोन काढले. खोलीत गाद्या होत्या, तो होता आणि बंद पंखा होता.

"हे तुम्ही वाजवलंय?"

"व्हय."

"इथं? या खोलीत?"

"आवाज मोठा वाटतोय का?"

"नाही," मी म्हणाले. ज्या माणसाला मी रोज डबा भरून देत होते, तो दाराआड हे करत होता आणि मला त्यातलं फक्त किरकिरणं ऐकू येत होतं.

मग त्यानं मला पडद्यावर दाखवलं. ढोल खरे नव्हते. चौकटींच्या जाळीत एकेक ठिपका ठेवून त्यानं ते रचले होते, रांगोळीचे ठिपके काढावेत तसे. कुठला ठोका जोरात, कुठला हळू, कुठला किंचित उशिरा, सगळं हातानं. "सगळे एका मापात ठेवले तर मशीन वाजतंय असं वाटतं," तो म्हणाला. "माणूस थोडा मागं-पुढं करतो." त्याच्यावर चार तारांची गिटार, मग सहा तारांची एकदा डाव्या कानासाठी, एकदा उजव्या, आणि सगळ्यात शेवटी तो उभा राहणारा सूर. शिकवणारं कुणी नव्हतं. हॉस्टेलवर एका सिनिअरची गिटार हातात आली, तेवढीच सुरुवात. पुढं त्याच्यासोबत वाजवणारी दोस्तमंडळी नोकऱ्यांना पांगली. मग यानं एकेकाचं काम स्वतःच शिकून घेतलं.

"याला नाव काय?" मी विचारलं.

"नाव न्हाय. नवीन फायनल म्हणून ठेवलंय." मग म्हणाला, "तू दे. मराठी शिकवतीस ना."

"माळ," मी म्हणाले, आणि लगेच मला लाज वाटली. एकही शब्द नसलेल्या गोष्टीला माझा शब्द. पण त्यानं तो टाईप केलासुद्धा.

असे सात तुकडे होते. सगळे पुरे करून इंटरनेटवर लोकांसाठी ठेवायचे असं ठरलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते होणार होतं. त्याआधीच एका दुपारी आमच्या बिल्डिंगचा न्यूट्रल गेला आणि घराघरांत भलतंच व्होल्टेज शिरलं. खालच्यांचा टीव्ही गेला, शेजारच्यांचा फ्रिज गेला. आमचा कॉम्प्युटर गेला आणि त्याला जोडलेली, ज्यात सगळ्याची दुसरी प्रत होती ती डिस्कही गेली. पुण्यात एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्यानं दोन्ही ठेवून घेतले आणि काही दिवसांनी फोन करून सांगितलं की यातून काही निघणार नाही.

मी रडले. खरंच रडले, एखादं माणूस गेल्यासारखी, कारण ते मी एकदाच ऐकलं होतं आणि आता ते कुठंच नव्हतं. तो मात्र बाल्कनीत बसून गिटारीच्या जुन्या तारा काढून नव्या चढवत होता.

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतंय की." त्यानं खुंटी पिळली, तार कानाशी नेली. "पण बोटांत हाय अजून."

कॉम्प्युटर हप्त्यावर आला. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली, ठिपक्यांपासून. मी त्याच्याकडे बघत राहायची. चिडणं नाही, हळहळ नाही. कामावरून यायचा, जेवायचा, आत जायचा. या वेळी मी म्हणाले, मला आत बसू द्या. तो म्हणाला, "बस. पण हालायचं न्हाय."

'माळ'चा शेवटचा सूर त्यानं वैशाखातल्या एका दुपारी वाजवला. पंखा बंद, खिडकीवर वाकळ. मी गादीला टेकून बसले होते, घाम पाठीवरून ओघळत होता. त्यानं हेडफोनची एक जोडी मलाही दिली होती, त्यामुळे या वेळी बोटं आणि आवाज दोन्ही एकदम माझ्यापुढे होते. पुन्हा पुन्हा वाजवलं. मला प्रत्येक वेळ चांगलीच वाटली. तो मान हलवायचा, शर्टाला बोटं पुसायचा आणि परत सुरू करायचा. मग एकदा तो सूर लागला आणि त्याचं बोट तारेवर दाबलेलं, हळूहळू डुलत राहिलं. आधीच्या वेळी जिथं सूर वर चढला होता ती जागा आली. मी वाट बघत होते. तो चढला नाही. तो तिथंच राहिला. त्यानं तार जराशी वर ढकलली आणि सोडलीच नाही, बोटाचं पेर पांढरं पडलं, आणि तो एकच सूर आतल्या आत बदलत गेला, जाड झाला, मग बारीक, मग त्यातून दुसराच एक सूर उमलला जो त्यानं वाजवलाच नव्हता.

त्यानं बोट उचललं.

"आधी असं नव्हतं," मी म्हणाले.

"नव्हतं." तो बोटाकडे बघत होता. "आता ह्येच."

खोलीत ऐकलं की सगळं चांगलंच वाटतं, म्हणून ते गाडीत ऐकायचं, अशी त्याची पद्धत. शिवाय दिवाळीनंतर वरकुट्याला, त्याच्या घरी, जायचंच होतं. आम्ही आमच्या जुन्या गाडीतून निघालो. भवानीनगरला कारखाना सुरू झालेला, मळीचा वास काचा बंद असूनही आत येत होता. उसाच्या गाड्यांच्या मागं मागं जाताना तो एकेक तुकडा लावायचा आणि मला म्हणायचा, "दुसऱ्यात ढोल कमी करायचाय, आठवण ठेव." लासुर्णे, निमगाव, सगळ्या रस्त्यानं आमचं हेच चाललं होतं.

घरापुढं गाडी थांबली तेव्हा 'माळ' सुरू होतं. सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गोठ्याकडून आले. खिडकीतून आत वाकले.

"काय लावलंय?"

"माझंच हाय, आबा."

आबांनी टोपी काढली आणि दार उघडून मी नुकत्याच रिकाम्या केलेल्या पुढच्या सीटवर टेकले. पाय बाहेर मातीत. मुलगा गिटार वाजवतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कधी वाजवताना ऐकलं नव्हतं. वरकुट्याच्या घरात कुणीच ऐकलं नव्हतं. तुकडा संपेपर्यंत ते समोरच्या काचेतून उसाकडे बघत राहिले.

"गिटार तुझी. ह्यो ढोल कुणाचा?"

"मीच रचलाय."

"आन् ते खालचं जाड वाजतंय ते?"

"तेबी मीच. एकेक वाजवून एकावर एक ठेवायचं."

आबांनी त्याच्याकडं वळून पाहिलं. "मंजी तू तुझ्याच संगं वाजीवलंस?"

"व्हय."

"पैलं वाजीवताना शेवटचं ठावं हुतं?"

इतके दिवस मी त्याच्यासोबत बसत होते, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. "थोडं ठावं असतंय," तो म्हणाला. "समदं न्हाय."

"नाव काय ह्याचं?"

"माळ. हिनं दिलंय."

"हितं तर समदा ऊसच हाय," आबा म्हणाले. मग पाय आत घेतले, दार ओढून लावलं आणि काच वर केली. "परत लाव."

मी अंगणात उभी होते. सासूबाई चहा घेऊन आल्या, त्यांना मी हातानंच थांबवलं. बंद काचेआड दोघं शेजारी शेजारी बसले होते, दोघांचंही तोंड समोर. बाहेर फक्त खालचा जाड आवाज येत होता, गाडीच्या पत्र्यातून. आबांचा पंजा डॅशबोर्डवर पसरलेला होता आणि तो शेवटपर्यंत तिथून हलला नाही.

मग ते उतरले. "पाण्याची पाळी हाय," एवढं म्हणून विहिरीकडे चालू लागले. टोपी सीटवरच राहिली होती. ती घेऊन मी त्यांच्यामागं गेले.

ते मोटारीच्या पेटीशी उभे होते. पेटीचं झाकण उघडं, पण मोटार बंद. लाईट आलेली होती, तांबडा दिवा लागलेला दिसत होता. मी टोपी पुढं केली.

"आबा, मोटार बिघडली का?"

"न्हाय." त्यांनी टोपी घेतली, डोक्यावर घातली नाही. "चालू केली की तिचाच आवाज हुईल. थांबतो वाईच."

आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो. लाईट असताना आबांनी मोटार बंद ठेवलेली मी तोवर पाहिली नव्हती.

पुढच्या आठवड्यात त्यानं सातही तुकडे इंटरनेटवर ठेवले. कामावर जायच्या आधी, पायात बूट, हातात डबा, खुर्चीवर न बसताच बटण दाबलं. मला वाटलं होतं, त्या क्षणी आम्ही काहीतरी करू, निदान एकमेकांकडे बघू तरी. त्यानं पडद्याकडं थोडा वेळ पाहिलं, म्हणाला, "गेलं," आणि शिफ्टला निघून गेला. ऐकणारे लाखांनी नाहीत. पण कोकणातल्या एका माणसानं लिहिलं, आसामातल्या एका मुलीनं लिहिलं, कुठल्याशा परक्या देशातल्या एकानं तर 'माळ' म्हणजे काय ते विचारलं. ते उत्तर त्यानं मला लिहायला सांगितलं.

मी बसले लिहायला. सपाट, कोरडी, मोकळी जमीन, असं लिहिलं आणि खोडलं. मराठी शिकवून माझी इतकी वर्षं गेली, पण त्या संध्याकाळी एका शब्दाचा अर्थ मला सांगता येईना. शेवटी मी लिहिलं, ऐकताना तुम्हाला जे दिसलं असेल, तेच.