हळू वाजवून बघताना

आमची वहिनी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. परवा नवा अँप्लिफायर घ्यायला तिच्यासोबत गेलो होतो. दुकानदार उत्साहाने म्हणाला, "ताई, फुल आवाजात बघा, भिंती हादरतील!"

वहिनी नुसती हसली. तिने एक लहानसा अँप्लिफायर निवडला, त्याच्या पाठीवरचे आकडे वाचले आणि त्याला झेपतील असेच स्पीकर बाहेर काढायला लावले. मग आवाज अगदी कमी ठेवून स्पीकरकडे पाठ केली, एकच तार छेडली आणि सूर विरेपर्यंत डोळे मिटून उभी राहिली. स्पीकर बदलला, पुन्हा तीच तार. एका स्पीकरमधून सूर घोगरा आला, दुसऱ्यातून पत्र्यासारखा. एका जुन्या, रुंद खोक्याच्या स्पीकरमधून मात्र तो असा भरून आला, की दुकानदारही काउंटर सोडून जवळ आला.

मी म्हणालो, "वहिनी, जोरात वाजवून तरी बघ."

"भाऊजी, जोरात सगळेच बरे वाटतात. हळू वाजवल्यावर कोण सांभाळून घेतं, ते बघायचं."

आपण माणसं निवडताना नेमकं उलटं करतो. ज्याचा आवाज मोठा, तो आपल्याला कर्तबगार वाटतो.

माझा दादा फार हळू बोलतो. वहिनीला बघायला गेलो तेव्हा पोह्यांच्या बश्या हातात धरून आम्ही सगळे त्याला दटावत होतो, "अरे, जरा मोठ्याने बोल की!"

एकट्या वहिनीने मात्र आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली होती.