सही न केलेलं हमीपत्र

माझी मुलगी दुसरीत असताना शाळेनं मला एका हमीपत्रावर सही करायला बोलावलं. तिनं वर्गात डस्टर फेकलं होतं. ते बाईंना लागलं नाही, फळ्याला लागलं. पण विद्यार्थिनी उद्धट आहे आणि पालकांचं तिच्यावर नियंत्रण नाही, असं त्या कागदात लिहिलं होतं. मी विचार करायला दोन दिवस मागितले आणि कागद पर्समध्ये घालून पडेगावला घरी आले.

नियंत्रण नव्हतंच, हे मलाही मान्य होतं. सहा महिने रोज तेच चाललं होतं: बूट घालायचे नाहीत, डबा तसाच परत आणायचा, हाक मारली तर जागचं हलायचं नाही. नवऱ्याचं म्हणणं होतं की वेळेवर दोन फटके बसले असते तर हे झालं नसतं. तो स्वतः तसाच वाढला होता. मी त्याच्याशी वाद घालायचे, आणि एका सकाळी शाळेची रिक्षा दारात हॉर्न वाजवत असताना मीच तिला मारलं. ती रडली नाही. बूट हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

मग, हमीपत्राच्या आधीच, आम्ही एका समुपदेशक बाईंकडे गेलो. बाई चांगल्या होत्या. आरडाओरड केली की लक्ष द्यायचं नाही, ऐकलं की लगेच शाबासकी द्यायची, फ्रिजवर तक्ता लावून चांदण्या चिकटवायच्या, असं त्यांनी सांगितलं. दात घासण्यापुरतं ते जमलंही. पण एक दिवस लेकीनं सगळ्या चांदण्या उपटून माझ्या हातात दिल्या आणि तुला पाहिजेत तर तूच ठेव म्हणाली.

त्याच सुमारास माझे वडील आमच्याकडे राहायला आले होते. आबांनी जन्मभर मेंढरं राखली. गुडघे गेले तेव्हा कळप विकला. त्या दिवशी हमीपत्राचं ऐकून ते म्हणाले, "मेंढी अडून बसली तर पयलं तिचा खूर बघायचा. काटा रुतलेला असतोय. काठी मागून."

मला एकदम संताप आला. सातवीनंतर शाळा सोडून मेंढरांमागं चल म्हणाले होते तेव्हा मी जाणार नाही म्हटलं, आणि ह्याच माणसानं मला बाभळीच्या फोकानं झोडपलं होतं. तरी मी शाळेत गेले. आज सरकारी कार्यालयात लिपिक आहे ती त्या हट्टामुळं.

"माझा खूर कुठं बघितला व्हता तुम्ही?" मी विचारलं.

नवरा उठून आत गेला. आबा गुडघा चोळू लागले.

"नाय बघितला," ते म्हणाले. "मेंढरं कळत व्हती मला. लेक नाय कळली."

ती माफी होती का, मला आजही सांगता येणार नाही. पण इतक्या वर्षांनी तेवढं तरी ऐकायला मिळालं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी लेकीजवळ बसले आणि त्या सकाळी मारलं ते माझं चुकलं असं सांगितलं. तिनं विचारलं, पुन्हा मारशील का? मी म्हटलं, रागावेन, ओरडेनही, पण मारणार नाही.

मग ती बोलली. वर्गात ती 'नाय' म्हणायची. बाई तिला उभं करून दहा वेळा 'नाही' म्हणायला लावायच्या, पोरं हसायची, डबा खाताना तिला चिडवायची. ह्यावेळी तिनं म्हणायचं नाकारलं आणि डस्टर फेकलं. आमच्या घरात सगळे तसंच बोलतात. मीही बोलते, फक्त कार्यालयात गेले की जीभ बदलते. त्या बदलण्याची मला तेव्हा लाज वाटली.

सोमवारी निघताना नवरा म्हणाला, सही करून मोकळी हो. मी लेकीला घेऊन गेले. वाटेत तिला सांगितलं की डस्टर फेकणं चूक आहे, त्याची माफी मागायची, बोलण्याची नाही. मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिनं बाईंची माफी मागितली, नीट, मान वर ठेवून. बाई म्हणाल्या, आता शुद्ध बोलेन असंही म्हण. लेकीनं माझ्याकडे बघितलं.

"ते ती म्हणणार नाही," मी म्हटलं. "ती आमच्या घरची बोली आहे. त्यात गुन्हा काय?"

हमीपत्रावर सही न करता मी दुसऱ्या कागदावर लिहून दिलं: मुलीनं माफी मागितली आहे, आणि तिच्या बोलण्याची थट्टा थांबवावी. असा अर्ज घेता येत नाही, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. मी खुर्चीवर बसून राहिले. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे मला नोकरीनं शिकवलंय. शिक्का मिळाला.

वर्गातली 'नाही'ची उजळणी थांबली. बाई वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मलाही गरज पडली नाही. घरात सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. लेक आता चौथीत आहे, वेणी घालू देत नाही, पाहुण्यांसमोर गाणं म्हणत नाही. नवऱ्याला वाटतं मी तिला डोक्यावर बसवलंय. शेजारणी विचारतात, आता तरी ऐकते का? मी सांगते, निम्मं ऐकते. उरलेल्या निम्म्यावर आमची भांडणं होतात, आणि ती व्हावीत असं मला वाटतं.