सातवा टाका

हात बधिर केला होता, मला नाही. त्यामुळे टेबलावर पडल्या पडल्या हिरव्या कापडाआड काय चाललंय याचा मला अंदाज येत होता. शेवटी डॉक्टर शिवायला लागले तेव्हा मी विचारलं, "किती टाके?"

"सात. का, मोजणार आहात?"

"मोजणारच. आमचा धंदाच तो आहे."

उजव्या मनगटात नस दबली होती. आधी अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या, मग ती लाकडासारखी झाली. सुई धरली आहे की नाही ते बघितल्याशिवाय कळेना. सोलापुरात माझा शाळेच्या गणवेशांचा कारखाना आहे. चौदा मशिनी आहेत, शिवणाऱ्या बायका आहेत, पण कापड बेतणारा आणि कापणारा हात एकच, माझा. नवं गिऱ्हाईक आलं की अजूनही विचारतं, "मास्तर कुठंयत?" मी कात्री खाली न ठेवता म्हणते, "बोला." जूनमध्ये शाळा उघडतात आणि ऑपरेशन मे महिन्यात करावं लागलं. हात परत येतो की नाही, एवढाच प्रश्न होता. बाकीचं मी निभावून नेलं असतं.

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं पाळलं. पट्टी ओली करायची नाही, हात लोंबता ठेवायचा नाही, बोटं हलवत राहायची. आंघोळीला हातावर प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि कोपराशी गणवेशाच्या चड्डीतलं इलॅस्टिक घालायचं. थेंब आत जायचा नाही. शेजारणीनं जखमेवर लावायला हळद आणि तेल आणलं. तिला चहा पाजला आणि हळद आमटीत घातली. पाचव्या दिवशी दवाखान्यात मोठी पट्टी काढून छोटी लावली. जखम कोरडी होती. सिस्टर म्हणाली, "अक्का, एकदम छान." ही सिस्टर विणकरांच्या घरातली, तेलुगू बोलणारी पोरगी. मला पहिल्या दिवसापासून अक्काच म्हणायची.

नवव्या दिवशी मोहोळहून दादा आला. मोसंबी घेऊन.

दादाचं सांगायला हवं. मोहोळात वडिलांचं शिलाईचं दुकान होतं. दादाला तिथं दहाव्या वर्षी मशीनवर बसवलं. मी तेरा वर्षांची असताना मला पोत्यावर बसवून हातात अर्धं ब्लेड दिलं. त्यानं चुकीचं शिवायचं, मी उसवायचं. तीन वर्षं. कापडाला चीर न पाडता टाका कसा काढायचा हे मी तिथं शिकले: गाठ उचलायची, तिच्या बुडाशी एकाच बाजूला कापायचं आणि गाठीकडूनच ओढायचं. मशीनवर बसू द्या म्हटलं की दादा म्हणायचा, "तू उसवायलाच बरी." पुढं दुकान त्याला मिळालं. मला ते वाक्य मिळालं. सोलापुरात येऊन मी एका मशीनच्या चौदा केल्या, पण ते वाक्य काही उसवलं गेलं नाही.

तर दादा मोसंबी सोलत म्हणाला, "आता बास की. लई झालं. हात गेला म्हंजे देवच सांगतोय, बस घरी."

"हात गेला नाही. टाके निघायचेत फक्त."

"आगं, बोटं बघ की तुजी. आमच्याकडं दे सगळं. मी बगतो."

मला भयंकर राग आला. मान खाली घातली तर पट्टीच्या कडेतून काळ्या दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं. आता आमच्या धंद्यात लोंबता दोरा दिसला की तो कातरायचाच. बोलताना, जेवताना, दुसऱ्याच्या लग्नात नवरीच्या पदराचासुद्धा. डाव्या हातानं छोटी कात्री उचलली, टोक जरा ओढलं आणि कच्चकन कातरलं. दादाला म्हटलं, "मोसंबी ठेव आणि जा."

बाराव्या दिवशी टाके काढायला गेले. सिस्टरनं पट्टी काढली, जखम पुसली. चिमट्यानं पहिल्या टाक्याची दोन्ही टोकं धरून गाठ उचलली, कातडीलगत एका बाजूला कापलं आणि गाठीकडून ओढलं. मी बघतच राहिले. तीच उसवण! तेच बूड, तीच एक बाजू. मी विचारलं, "असंच का?"

"बाहेरचा दोरा घाण असतो ना अक्का. तो आतून ओढायचा नाही. शिकायला मला सहा महिने लागले."

"मला तीन वर्षं लागली," मी म्हटलं. तिला वाटलं मी गंमत करतेय.

कापसावर तिनं दोऱ्याचे तुकडे मांडले. "झालं अक्का."

"हे सहा आहेत."

"सहाच असतील."

"सात घातलेत."

तिनं फाइल बघितली. फाइलमध्ये आकडा लिहिलेला नव्हता. माझा आवाज चढला. माझ्या कारखान्यात एक बटण कमी लागलं तर मी गठ्ठा परत पाठवते आणि इथं माझ्या हातात दोरा ठेवून झालं म्हणता, वगैरे. बाहेरची माणसं दारातून डोकावली. पोरगी लाल झाली. डॉक्टर आले, भिंगातून बघून म्हणाले, "खपलीखाली आहे एक. राहिला असता तर पिकला असता. पण याला टोकच नाहीये. सिस्टर, पट्टी बदलताना कापलंत का तुम्ही?"

मी आयुष्यभर घासाघीस केलेली बाई. समोरच्याची चूक आपल्या उपयोगाची कशी करायची ते मला शिकवायला नको. पण त्या पोरीच्या हातात चिमटा तसाच होता आणि ती मान खाली घालून दुसऱ्याची चूक निस्तरायला उभी होती. पोत्यावर बसल्यासारखी.

"तिनं नाही," मी म्हटलं. "मी कातरला. लोंबत होता म्हणून."

डॉक्टर मोठ्यानं हसले. "मावशी, हा सदरा नाही!"

सिस्टरनं सलाईनमध्ये भिजवलेला कापूस खपलीवर धरला. दहा मिनिटं ती वाकून बसली होती. खपली मऊ झाली, गाठ दिसली, तिनं ती उचलली आणि रक्ताचा थेंब न काढता सातवा टाका कापसावर ठेवला. आरडाओरडा केला होता दारं उघडी असताना, म्हणून दारातल्या माणसांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "माझ्याकडं ये कामाला, बाळ. चूक माझी होती, आणि हात तुझा लाखात एक आहे."

"नको अक्का, तुमी लई ओरडता."

कात्रीचं मग डॉक्टरांशी ठरवायचं होतं. ते म्हणाले, तीन आठवडे कात्री नाही. मी म्हटलं, एक. ते म्हणाले, तीन. "शेवटचं सांगा." "तीन." असा माणूस मला बाजारात भेटला नव्हता. शेवटी बोटांची हलकी कामं करायला परवानगी मिळवली, तेवढीच.

कारखान्यात हलकं काम काय होतं? एका शाळेच्या सदऱ्यांना बिल्ले उजव्या खिशावर लागले होते. ते काढून डाव्या बाजूला लावायचे. मी उसवायला बसले. पहिले काही दिवस नुसत्या डोळ्यांनी काम केलं. एका दुपारी खिडकीकडं बघत असताना चिमटीत दोरा असल्याचं कळलं. बोटांना कळलं. कोणाला काही न सांगता मी पुढचा बिल्ला घेतला.

त्याच आठवड्यात दादा पुन्हा आला. दारातूनच म्हणाला, "परत उसवायलाच बसलीस व्हय?"

"बस. डोळे मीट." मी त्याच्या चिमटीत एकामागून एक दोन दोरे दिले. "कुठला सुती?"

त्यानं बराच वेळ चोळून बघितले. "दोरा तो दोराच की."

मग मी उजवा हात पुढं केला, डोळे मिटले. "ठेव." त्यानं ठेवले. "हा पॉलिस्टर. हा सुती." त्यानं अदलाबदल करून पुन्हा ठेवले. पुन्हा बरोबर सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं सुती दोरा तोडून दोन्ही सुतीच ठेवले. तेही ओळखलं.

तेवढ्यात चहा आला. शाबास म्हणेल तर तो दादा कसला. "चहात साखर कमी हाय," एवढंच म्हणाला आणि कप खाली ठेवला. जाताना उंबऱ्यात थांबून त्यानं माझ्या मनगटालगतची, तळव्यावरची शिवण मात्र वाकून बघितली. सात टाक्यांची. एकही वाकडा नाही.