मिठाची गुळणी

परवा घसा बसला म्हणून मिठाचं कोमट पाणी तोंडात घेतलं आणि त्या खारट चवीबरोबर धुळ्याच्या घरातली एक दुपार आठवली. आमच्याकडे शिवीला एकच शिक्षा होती, मिठाच्या पाण्याची गुळणी. ज्या तोंडाने प्रार्थना करायची ते तोंड घाण ठेवायचं नाही, असं पप्पा म्हणायचे. पुढे त्यांनाच लकवा झाला. उजवा हात गेला, शब्द गेले, माझं नावसुद्धा गेलं; उरली फक्त एक शिवी, जी आम्ही त्यांच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. पाणी हवं असलं तरी तीच, आईला हाक मारायची तरी तीच. त्या दुपारी, रविवारचं चर्च सुटल्यावर पाळकसाहेब घरी आले आणि कॉटशेजारी उभं राहून त्यांनी प्रार्थना केली. आम्ही सगळे आमेन म्हणालो. पप्पांनीही डोळे मिटून, अगदी मनापासून तोंड उघडलं आणि तीच शिवी खणखणीत बाहेर आली. कुणी मान वर करेना. शेजारच्या अक्का हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, देवले बठ्ठं समजस." पण देवासारखं पप्पांनाही सगळं समजलं होतं. त्यांचे डोळे भरले आणि डावा हात फळीवरच्या मिठाच्या बरणीकडे उठला. मी नको नको म्हणत होतो, हात काही खाली येईना. शेवटी मीच पाण्यात मीठ कालवलं आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. त्यांना ते तोंडात धरता येईना की थुंकता येईना; वाकड्या ओठांतून पाणी शर्टावर ओघळत राहिलं आणि मी पुसत राहिलो. परवा बेसिनपाशी कितीतरी वेळ उभा होतो, पण तोंडातली गुळणी काही थुंकवेना.